नरांच्या पिंजऱ्यातलं बाळंतपण

"ताबडतोब या," मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले. "आमच्या नरांना पिल्लं झालीत."

संस्थेच्या दक्षता अधिकाऱ्याने रीतसर अभिनंदन केलं आणि धावतच जिना उतरला.

घाईचं कारण घरचं होतं. डॉक्टरांचं रक्ताच्या कर्करोगावरचं नवं औषध याच उंदरांवर तपासलं होतं. प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध. माद्या बऱ्या झाल्या, नरही बरे झाले. सोमवारी पहिला डोस वरच्या वॉर्डातल्या एका पुरुषाला मिळणार होता, आणि तो पुरुष म्हणजे अधिकाऱ्याचा मेहुणा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण मेहुणा गेला तर बायको पुढचं सगळं भांडण एकट्या नवऱ्याशी करणार, ही धास्ती होतीच.

पिंजऱ्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती. आई सोडून बाकी सगळी मंडळी एकमेकांच्या अंगावर पेंगत होती. कुणालाही ओरखडा नाही. पोटं मात्र सुटलेली. डॉक्टरांचा खुराक चांगला असावा, असं अधिकाऱ्याला वाटलं.

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे आणि ह्या शिंपीणबाईंकडे."

शिंपीणबाई म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ. बाईचं शरीर या रोगाशी वेगळं लढतं, बाप्याचं वेगळं, म्हणून औषध ज्याच्या त्याच्या मापाचं हवं, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. डॉक्टरांचं प्रत्येक बैठकीत एकच उत्तर: औषध काय ब्लाउज आहे, मापाचं शिवायला? फारसा फरक नसतो हो. सगळे हसत. बाई हसत नसत.

"हिनंच गाभण मादी आत सोडलीय, मला तोंडघशी पाडायला," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे सगळे नर आहेत."

"स्वतःचं झाकायला माझं नाव," बाई म्हणाल्या. "आणि पिल्लांना हात लावू नका. बाकीच्या बिथरतील."

जबाब घ्यायला अधिकारी बाईंच्या खोलीत गेला. खिडक्या सताड उघड्या, आणि अत्तराचा एवढा मारा की डोळ्यांत पाणी आलं. एवढं कशाला, त्याने विचारलं. शेजारी डॉक्टर बसतात, त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्याने शेजारच्या डॉक्टरांना तिथेच बोलावून घेतलं.

"इतके नर एकत्र ठेवले तर काय होतं?"

"चावाचावी. शेपट्या तुटतात. आणि घाण वास."

"मग तुमच्या पिंजऱ्यात संत कुठून आले? डॉक्टर, आत मादी एक नाही. नर एक आहे. बाकी सगळ्या माद्या, आणि त्यांची पोटं सुटलेली नाहीत, भरलेली आहेत. उंदीर म्हटल्यावर तुमच्या तोंडात 'बाकीचे' आलं. बाई मात्र 'बाकीच्या' म्हणाल्या. ते ठाऊक असलेलं माणूस एकच."

त्याने बाईंचं कपाट उघडलं. अत्तर हरलं. खालच्या खणात खरे नर होते, तुटक्या शेपट्यांचे, निम्मेच उरलेले.

"हे पिल्लू असतानाच यांची माद्यांशी अदलाबदल केलीत. यांनाही औषध दिलंत?"

"दिलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नरांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उलटते."

"आणि सोमवारी?"

"सोमवारनंतर मला कुणी शिंपीण म्हटलं नसतं."

डॉक्टरांनी फोन उचलून सोमवारचा डोस रद्द करायला सांगितलं.

"फक्त एक नर तुमच्या हातून मादी म्हणून डॉक्टरांच्या पिंजऱ्यात राहिला," अधिकारी म्हणाला.

आता मात्र बाईंचा चेहरा पडला. "लहान वयात," त्या पुटपुटल्या, "फारसा फरक नसतो हो."

बाईंना पोलिसांच्या हवाली करून अधिकारी वॉर्डात गेला आणि डोस रद्द झाल्याचं कारणासकट सांगितलं.

"म्हणजे मला उंदरीण वाचवून गेली. तुम्ही नाही?" मेहुण्याने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. तुमचे उपकार नकोत, भावोजी." तो भिंतीकडे वळला. तिकडे बघतच म्हणाला, "मग आता माझं काय?"

"तुझ्या मापाचं शिवावं लागेल."

"तोवर टिकेन?"

अधिकारी पलंगाच्या कडेला टेकला.

"बसायला कुणी सांगितलं?" मेहुणा म्हणाला, आणि पाय आखडून त्याने जागा केली.