खंड्याच्या मागचा पडदा

मुर्ध्याच्या मिठागरात, भर उन्हात, एक माणूस बांधावर महालाचा जिना उभा करत होता.

जिना म्हणजे रंगवलेला पडदा, दोन बांबूंना बांधलेला. खांब, पायऱ्या, कुंडीतलं झाड, सगळं होतं त्यात. वाऱ्यानं पडदा फुगायचा आणि हा गडी धावत जाऊन सावरायचा. सन अडतीसची थंडी सरत आली होती. मी वाकून मीठ ओढत होते, पण हसू आवरेना, म्हणून काम टाकून त्याच्याकडं गेले.

"परदा कुनासाटी?" मी विचारलं.

"खंड्यासाटी." पाण्यातल्या खुंटावर रोज एक खंड्या बसायचा, त्याच्याकडं त्यानं बोट केलं.

"का? लगीन हाय त्याचं?"

तो हसला नाही... लाजला. लाजलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, आणि तिथंच माझं चुकलं.

त्याचं नाव कॅजिटन. जवळच्या पाली गावातल्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी, पण होडीवर न जाता धोबीतलावच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागलेला. माणसांना पडद्यापुढं बसवण्यात त्याचा हात बसला होता, जीव मात्र पाखरांत. खंड्याच्या फोटोत मिठाचे ढीग, पायांचे ठसे, आमच्या पाट्या, असा सगळा पसारा यायचा. तो झाकायला त्यानं मालकाचा जुना पडदा उचलून आणला होता. खंड्या अर्थातच पडदा बघून उडून गेला.

मी त्याला म्हटलं, खाली वाक. मीठ ओढताना मी दिवसभर वाकलेली असते, तेव्हा खंड्याच्या मागं मला चिखल दिसतच नाही, लांबची खाडी दिसते. त्यानं कॅमेरा तिपाईवरून काढून बांधाच्या कडेला टेकवला, स्वतः चिखलात पालथा झाला, काळं फडकं डोक्यावर घेतलं... आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा गालाला चिखल होता आणि डोळे चमकत होते.

"सगला पसारा गेला, रंभा," तो म्हणाला. माझं नाव त्यानं कुणाकडून काढलं, कोण जाणे.

मग तो दर रविवारी येऊ लागला. एकदा त्यानं छापलेला फोटो दाखवला. खंड्या अगदी मधोमध, नवऱ्या मुलासारखा ताठ. मी नाक मुरडलं. म्हटलं, हा उडाला तर चोच कडेवर आपटेल. तो जिकडं बघतो तिकडं मोकळं पाणी ठेव, पाखराला जायला जागा नको? पुढच्या फोटोत खंड्या एका बाजूला होता, आणि त्याच्या नजरेपुढं नुसती करडी, शांत खाडी. मी तो फोटो इतका वेळ धरून बसले, की बाबांनी दोनदा हाक मारलेली मला ऐकू आली नाही.

"माजा कधी काढशील?" मी एकदा विचारलंच.

"तू कुटं बघशील ते कललं पायजे. जागा कंच्या बाजूला ठेवू?"

"तुज्याकडं बघन."

 तो हातातल्या फडक्याची नुसती घडी करत राहिला. "मंग जागा कशी ठेवू?" तो हळूच म्हणाला. "मी त कॅमेऱ्याच्या मागं असनार..."

यापेक्षा जास्त आम्ही कधी बोललो नाही. मला तेवढं पुरलं होतं.

मेच्या शेवटी तो बाबांना भेटायला आमच्या ओटीवर आला. बाबांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुज्या चर्चात माजी पोर उभी ऱ्हायची न्हाय, न माज्या तुलशीपुढं तू." पालीला त्याची आईही हेच म्हणत होती. तो उठला, चपला घातल्या, बांधावरून निघून गेला. मला वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं. त्यानं भांडायला हवं होतं, असं मी कितीदा मनात म्हटलं. दाराआड उभी राहून मी तरी कुठं भांडले?

पुढच्या थंडीत शेजारच्या राई गावच्या शिवदासशी माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, रागावायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांना जोडीचा फोटो हवा होता. धोबीतलावला आपल्याकडचाच एक माणूस आहे, नीट काढील, म्हणाले. मी लुगडं बदललं आणि त्यांच्यामागं निघाले.

स्टुडिओत तोच पडदा होता. खालच्या काठाला आमच्या मिठागराचा चिखल अजून वाळलेला. लगीन हाय त्याचं? मीच विचारलं होतं. ह्यांना खुर्चीत बसवलं, मला कॅमेऱ्याकडून बघता त्यांच्या डाव्या अंगाला उभं केलं. कॅजिटननं माझ्याकडं न बघता कॅमेरा लावला, आणि मग फोटो टिपायचा लांब नळीचा रबरी फुगा हातात घेऊन कॅमेऱ्यामागून बाहेर आला. माझ्याच बाजूला, डावीकडं जाऊन उभा राहिला.

"कुटं बघू?" मी विचारलं.

"तुला वाटंल तिकडं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं फुगा दाबला.

आठवड्यानं फोटो घरी आला. ह्यांनी आधीच आणून ठेवलेल्या चौकटीत तो मावेना. आम्ही दोघं उजवीकडं सरकलेले, आणि डावीकडं माझ्या नजरेपुढं चार बोटं रिकामी जागा. "नवखा दिसतोय," हे म्हणाले. "केवढी जागा फुकट घालवली." पातं घेतलं आणि मलाच विचारलं, कुठपर्यंत कापू?

मी बोट ठेवलं, माझ्या खांद्याला लागून.

कापलेली पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली, चुलीत घाल म्हणाले. मी घातली.

फोटो भिंतीवर आहे. त्यात मी अजून डावीकडंच बघते. तिथं आता चौकटीचं लाकूड आहे.