उसनी चाल

पाऊलवालीचा कान तयार होता आणि तिला ते पक्कं माहीत होतं. सिनेमात कुणी चाललं, की त्या पावलांचा आवाज बहुधा तिचा असायचा. स्टुडिओतल्या बंद खोलीत पडद्यासमोर उभी राहून ती शिपायाचे बूट वाजवायची, थकलेल्या म्हातारीच्या सपाता वाजवायची, पळून जाणाऱ्या पोरीच्या उंच टाचा वाजवायची. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काका हेडफोन चढवून बसलेले असायचे. "नट तोंडानं अभिनय करतात, मी पायांनी," ती म्हणायची. त्यात फुशारकी नव्हती.

त्या वेळी हाती आलेला सिनेमा हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारा होता. नायिकेला नसांचा जुनाट आजार, डावा पाय ओढत चालणारी. नायक तिच्यावर जीव टाकणारा, पण कबूल करायची वेळ आली की काहीतरी सोंग काढून पळणारा.

"हे तर तुझंच चाललंय की!" काका म्हणाले.

तिचंच चाललं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका हसऱ्या माणसाशी ती लग्न करणार होती. त्यालाही तसाच आजार होता. कधी ओसरायचा, कधी उसळायचा, पण जायचा नाही. आई म्हणाली होती, "अगं, उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात उडी घेतेयस." "तो खाली उभा असेल तर घेते," असं सांगून तिनं विषय मिटवला होता.

नायिकेची चाल कुठून आणायची, याचा तिला विचारही करावा लागला नाही. टाच, जराशी ओढ, मग तळव्याची लांब फरफट. चष्मेवाल्याची चाल तिला तोंडपाठ होती. पहिल्याच टेकमध्ये दिग्दर्शक खूश होऊन खुर्चीतून उठला.

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. "आज पायाला काय झालंय कळत नाही. मी जिना धावत चढलो. शेजारच्या आजी चोर समजून ओरडल्या!"

दोघं पोट धरून हसली. आजार ओसरलाय, एवढंच तिनं धरलं.

पण जसजसे सिनेमातले प्रसंग पुढे सरकले, तसतसा तो सुधारत गेला. डॉक्टर रिपोर्ट उलटेपालटे करून बघू लागले. मग एका दुपारी ती त्याच्या दुकानात पाठमोरी उभी असताना कानाशी "भ्यॉक!" झालं आणि ती उडालीच. पलीकडच्या खोलीत मांजर चाललं तरी तिला कळायचं. हा लाकडी जमिनीवरून आलेला कळला नव्हता.

"पुन्हा चाल," ती म्हणाली.

तो चालला. ताठ, डौलात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बूट जमिनीला टेकताना दिसत होते. आवाज येत नव्हता.

"काय गं?"

"काही नाही. छान चालतोस."

मनात पाल चुकचुकली. तिनं दुर्लक्ष केलं.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकाला जिन्याचा प्रसंग जड वाटला. "विनोदी आहे हो, पाऊल जरा हलकं द्या." काकांनी आधीचं रेकॉर्डिंग पुसलं. ती दुसरे बूट बांधत होती, तोच दुकानातून फोन आला. चष्मेवाला उभ्या उभ्या कोसळला होता.

ती धावत पोचली तेव्हा तो स्टुलावर बसून पाणी पीत होता. तिला बघून उठला, दोन पावलं टाकली. टाच, ओढ, फरफट. लख्ख ऐकू आली.

तिनं त्याला सगळं सांगितलं, त्याची चाल सिनेमात कशी गेली आणि पुसताच कशी परत आली ते. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. चष्म्याची काच पुसू लागला.

"मग राहू दे ना सिनेमात," तो म्हणाला. "ती चाल मला कुठे हवी होती?"

त्याच दिवशी परत जाऊन तिनं जिना जुन्याच चालीत वाजवला. दिग्दर्शक कुरकुरला, तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हीच राहील. बदलायची तर दुसरी पाऊलवाली शोधा." त्यानं शोधली नाही.

सिनेमा पुरा झाला. स्टुडिओतल्या माणसांसाठी एका छोट्या थिएटरात दुपारचा खेळ ठेवला होता. चष्मेवाला तिच्या हातात हात घालून, पायऱ्या दोन दोन करत आला. लोक खळखळून हसले, शेवटी नाकं पुसू लागले. दिवे लागले आणि सगळे चहाला बाहेर गेले. ही दोघं आपल्या खुर्च्यांवरच रेंगाळली.

पडदा कोरा होता. पडद्याच्या दिशेनं पावलं वाजली.

टाच, ओढ, फरफट.

"काका, आवाज बंद करा ना," तिनं मागे वळून हाक दिली.

काका दारातच उभे होते. "केव्हाच केलाय."

पावलं पडद्यापुढच्या फळ्यांवरून खाली उतरली. फरशीवर आली. खुर्च्यांमधल्या वाटेनं सावकाश वर चढू लागली, रांगेरांगेपाशी जराशी थबकत.

"भिऊ नकोस," ती ठामपणे म्हणाली आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला.

त्यांच्या रांगेच्या तोंडाशी फरफट थांबली.

चष्मेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीवर पोटाशी घेतले.