थोपटणारी

थप... थप... थप.

भर दुपार. घर अगदी शांत. आणि आतल्या खोलीतून लेकराला थोपटल्याचा आवाज.

स्वयंपाकघरात मोबाइलवर कथा लिहिता लिहिता तिचं बोट थांबलं.

घरात दोघीच. ती आणि तिची चिमुरडी, ठकी.

मग थोपटतंय कोण?

ती माझी मावसबहीण. गोष्टी रचायची तिला हौस, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण हे रचलेलं नाही. आजही सांगताना तिचा आवाज आपोआप खाली येतो.

तिला भयकथा लिहायला शिकायचं होतं. ठकीचा डोळा लागला की ती ओट्याला टेकून लिहायची. भांडी तशीच, कपडे तसेच. नवरा चिडवायचा, "भुतं सापडतात तुला, माझे मोजे तेवढे सापडत नाहीत!"

इंटरनेटवर भयकथांचं पान चालवणाऱ्या एक मॅडम तिच्या कथा तपासायच्या.

"तुझं भूत फार लांब राहतं गं," त्या म्हणाल्या. "घरात आण त्याला. बघायला तुलाच नको वाटेल, असा कोपरा निवड. आणि तुझ्या सवयी दे त्याला."

तिने ठकीच्या पलंगामागचा कोपरा निवडला. तिथे एक बाई बसवली. झोपलेल्या पोरीला थोपटणारी, मध्येच थांबून तिच्या कपाळावरचे केस मागे सारणारी. अगदी तिच्यासारखीच. कथेच्या शेवटी बाई उठून दाराबाहेर निघून जायची.

मॅडमना कथा आवडली. "फक्त शेवटचा परिच्छेद उडव. भूत गेलं की वाचक निवांत झोपतो. कशाला झोपू द्यायचं त्याला?"

तिने उडवला. कथा पानावर आली. लोकांनी डोक्यावर घेतली.

आणि दुसऱ्याच दुपारी...

थप... थप... थप.

ती पावलं न वाजवता खोलीपाशी गेली.

आवाज थांबला.

ठकी गाढ झोपेत होती. कपाळावरचे केस नीट मागे सारलेले. शेजारी गादी दबलेली... कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

तिचा पहिला संशय नणंदेवर. ती वरच्या मजल्यावर राहायची, घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची.

"ताई, दुपारी खाली आला होतात का?"

"मी? अगं, माझंच कार्टं झोपता झोपत नाही. तुझ्या पोरीला थोपटायला कुठून येऊ? झोप काढ जरा, डोळे बघ तुझे!"

तिला पटलं नाही. तिने दाराला आतून कडी घातली.

आवाज आलाच.

दिवसामागून दिवस ठकी बदलत गेली. आईने जवळ घेतलं की अंग आखडायची. घास भरवला की आधी कोपऱ्याकडे बघायची... मगच तोंड उघडायची.

"ठकुल्या, दुपारी कोण गं थोपटतं तुला?"

ठकी अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

तिच्या लक्षात आलं: आपण ओट्यापाशी लिहीत बसलो आणि इकडे लेकरू हातचं चाललं.

तिने लगेच मॅडमना फोन केला. "तो परिच्छेद परत घाला. आत्ता."

"अगं, कथेची वाट लागेल!"

"लागू दे. पाया पडते तुमच्या."

मॅडमनी कुरकुरत का होईना, घातला.

त्या दुपारी तिने काहीच लिहिलं नाही. ओट्याला घट्ट धरून नुसती उभी राहिली.

थप... थप...

मग थांबलं.

पलंग करकरला. पावलं बाहेर आली... स्वयंपाकघराच्या दारावरून सावकाश पुढे गेली. तिने डोळे मिटून घेतले.

कडी निघाल्याचा आवाज.

दार उघडलं. मग सगळं शांत.

डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं. जिन्यात कुणी नव्हतं. तिने दार लावलं, कडी घातली आणि आत धावली.

ठकी जागी होती. पलंगावर उठून बसलेली. डोळे भरलेले.

"माझं बाळ ते!" तिने ठकीला छातीशी धरलं. "संपलं सगळं. आता मी कुठेही जाणार नाही हं."

ठकीने दोन्ही हातांनी तिला लांब ढकललं. दाराकडे बोट केलं.

"आई गेली," ती हुंदका देत म्हणाली.

मग तिच्याकडे वळून, अगदी हळू...

"तू कधी जाणार?"