सिंधूआत्याचा मिठाचा दगड

"मीठ माझं हाय! कुणी हात लावायचा न्हाय!" शंभूराजनं मिठाची पुडी खिशात कोंबली.

"आरं, कैऱ्या माझ्या, मग मीठ तुझ्या एकट्याचं कसं?" इमाम ओरडला.

"भांडा! बारामती मागं पडली, पण तुमचं भांडण काही मागं पडत न्हाय," सुकन्या म्हणाली. शंभूराज तिचा धाकटा भाऊ, इमाम तिच्या वर्गातला.

उन्हाळ्याची सुट्टी होती आणि तिघं निघाले होते मानसिंगकाकांच्या एका दिवसाच्या सहलीला! सकाळी लोणी भापकरचं देऊळ, मग इंदापूरकडची एक गढी, आणि शेवटी होडीतून उजनीच्या पाण्यात बुडालेलं जुनं गाव.

मानसिंगकाकांच्या जमेला एक भोंगा, एक टोपी आणि कॅलेंडरवर पाहिलेलं स्कॉटलंड, एवढाच ऐवज होता. दौंडच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. पण तळं दिसलं की भोंगा गरजे, "मंडळी, डिट्टो स्कॉटलंड!" गढी दिसली, "डिट्टो स्कॉटलंड!" वाटेत एक म्हैस आडवी आली, तेव्हा मात्र ते गप्प बसले.

खिडकीशी सिंधूआत्या होती. सुकन्याच्या वडिलांची आत्या, म्हणून साऱ्या घराची आत्या. धरण भरलं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. यंदा पाणी फार आटलंय, गाव उघडं पडलंय, असं कळल्यावर ती हट्टानं निघाली होती. तिची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किती उरेल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"आमच्या दारात सपाट दगड व्हता," ती म्हणाली. "त्यावर मेंढरांना मीठ घालायचो. चाटून चाटून मधी वाटीवानी खळगा पडलाय. तेवढा एकदा हाताला लागू दे, बास."

दुपारी गाडी बाभळींखाली थांबली. समोर पडकं देऊळ, त्यापुढं पाणी.

"उतरा मंडळी! हेच ते बुडालेलं गाव!"

"आन् होडी?" सुकन्यानं विचारलं.

"होडी कशाला? गावच काठाला आलंय की!" काकांनी घाईनं घड्याळ पाहिलं. निमगाव केतकीला मेहुणीची हळद होती, हे त्यांनी ड्रायव्हरला सांगताना मुलांनी ऐकलं होतं!

सिंधूआत्यानं भिंत चाचपली, मग जमीन. "न्हाय गावला. गेला आसंल वाहून," ती हळूच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत खाली बसली. सुकन्याला ते बघवेना.

इतक्यात इमामनं तिची बाही ओढली. "त्या भिंतीतनं वर आलेला लिंब बघ. जुनं घरटं हाय त्याच्यावर!"

"आन् हितं एकबी शिंपला न्हाय!" शंभूराज माती उकरत म्हणाला. "खाली पाण्याकडं तर ढिगानं हायेत!"

सुकन्याचे डोळे चमकले. "थांबा. काकांनाच बोलतं करू!"

ती सगळ्यांसमोर भोळा चेहरा करून उभी राहिली. "काका, पावसाळ्यात हितं पाणी कुठवर येतं?"

"कुठवर?" काकांचा भोंगा खुलला. "कळस बुडतो, कळस! वर दोन ताड पाणी! दिवाळी झाली तरी तसंच!"

"मग एवढा मोठा लिंब पाण्याखाली जगला कसा?" इमामनं विचारलं.

"आन् घरटं काय माशानं बांधलं?" शंभूराजनं पुस्ती जोडली.

साऱ्या सहलीत हशा पिकला! काकांची टोपी आपोआप हातात आली. "चुकलंच माझं. हळदीच्या घाईत... चला, होडी पुढच्या घाटावर उभी हाय."

होडीतून उतरले, तर खरं गाव पाण्यातून उघडं पडलं होतं. गाळानं भरलेलं देऊळ, काळे दगड, शिंपल्यांनी खडबडलेल्या भिंती, वाळलेल्या गाळाच्या भेगा. सिंधूआत्यानं सुकन्याचा हात धरला. "मला देवळाकडं पाठ करून उभं कर. आता डाव्या हाताला चल."

डोळ्यांना जे दिसत नव्हतं, ते पायांना ठाऊक होतं. एके ठिकाणी ती थांबली. तिघांनी हातांनी गाळ उपसला. खाली सपाट दगड! आत्याची बोटं त्यावरून फिरली आणि खळग्यात थांबली.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच गं."

शंभूराजनं खिशातून पुडी काढली आणि सगळं मीठ त्या खळग्यात ओतलं. सगळं!

पलीकडच्या काठाकडून मेंढरांचा एक कळप गाळावरचं गवत चरत इथवर आला होता. त्यातलं एक कोकरू धिटाईनं पुढं आलं, दगड हुंगला आणि चाटू लागलं. आत्याचा हात तिथंच होता. खरखरीत जीभ बोटांना लागली तशी ती लहान पोरीसारखी हसली.

"पोरांनो, तुमी नसता तर मी दुसऱ्याच गावाला रडून परत गेले असते," ती म्हणाली.

मानसिंगकाका खाकरले. "पोरं लई हुशार हायेत, आत्या. मीच वाट चुकलो." त्यांनी भोंगा तिच्या हातात दिला. "आता गाव तुमीच दाखवा."

सिंधूआत्यानं भोंगा उलटा धरला. इमामनं तो सरळ केला. मग आटलेल्या पाण्यावरून तिचा आवाज घुमला, "ह्ये आमचं दार. या की आत, भाईर का थांबलाय?"

आणि सगळी सहल, चपला काढून, नसलेल्या घरात शिरली.