सोडलेली जागा

मावशीने दिलेला मुगवड्यांचा डबा पुण्यात धायरीला आम्रपालीताईकडे पोचवायचा, एवढंच काम उरलं होतं. आयटी कंपनीच्या इंटरव्ह्यूत मी सकाळीच आपटलो होतो आणि वर्ध्याची गाडी रात्रीची होती. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, दारातच भेटली. अंगात काळा टी-शर्ट, पायात जाडजूड बूट. कंपनीच्या बसमधून उतरणारी नीटनेटकी ताई ती ही नव्हेच.

"बरं झालं आलास, चेतन. मेटल रॉकचा शो आहे, शेजारच्याच लॉनवर. चल."

लॉन लग्नाचं. संध्याकाळी तिथे रिसेप्शन होतं, म्हणून हा शो भर दुपारी. कमानीला आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली चार केसाळ पोरं गिटारी जुळवत होती. मला हसू आलं. पहिला ठोका पडला आणि ते पळालं. पिठाच्या गिरणीत फरशी थरथरते तशी पायाखालची जमीन थरथरत होती.

समोरची पोरं एकमेकांवर आदळू लागली. मला वाटलं, मारामारीच जुंपली. पण कोणी पडलं की दहा हात खाली जात, त्याला उभं करत, आणि पुन्हा धक्काबुक्की सुरू.

"पडला त्याला उचलायचं!" ताई कानाशी ओरडली. "इथे नियम हा एकच!"

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गर्दीच्या मधोमध एक माणूस आडवा मावेल एवढी जागा रिकामी होती. सगळे तिच्या काठाकाठाने आदळत होते, पण आत कोणाचाच पाय पडत नव्हता.

"तिथे काय आहे?"

गाणं संपल्यावर ताई कानाशी आली.

"साई... माझा मित्र. तीन वर्षांपूर्वी अशाच एका शोमध्ये पडला. त्याचा हात माझ्या हातात होता रे... सुटला. लोक तुडवत गेले. तिथेच गेला तो." ती त्या जागेकडे बघत होती. "आता शो कुठेही असो, शेवटच्या गाण्याला तो हात वर करतो. मला कधीच दिसत नाही. कोणीतरी ओढून उभं केलं, की सुटेल बिचारा."

"कोणालाच दिसला नाही?"

"दोघांना दिसला. दोघेही पळाले. पुण्यात हुशार लोकांना तोटा नाही."

हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मनात म्हणत मी त्या काठावर जाऊन उभा राहिलो. शेवटचं गाणं सुरू झालं. चुरडलेल्या गवताचा दमट वास आला... आणि खालून कोणीतरी माझं मनगट धरलं.

कोपरापर्यंतचा हात. नखांत माती. त्याच्यापुढे काहीच नाही. पकड दुष्ट नव्हती हो. सुटलेल्या एसटीत चढताना माणूस हात देतो, तशी होती. मी नकळत ओढलं. वजन वर येऊ लागलं. खांदा दिसला, मग केस... केसांखालचा चेहरा दिसायच्या आत मी त्या मनगटावर बूट दाबला आणि माझा हात सोडवून घेतला.

गाणं थांबलं. ताईला माझ्या हातावरची माती दिसली.

"चेतन... दिसला तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"उचललंस...?"

तिची मित्रमंडळी भोवती गोळा झाली होती. इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. शरमेने जीभ टाळूला चिकटली, आणि तरी मेली वळलीच.

"हो," मी म्हणालो. "उचललं."

ताई रडता रडता हसली. कोणीतरी स्टेजकडे बघून ओरडलं, "साई सुटला रे! वन मोअर!" ड्रम दणाणले, आणि इतकी वर्षं जपलेल्या त्या जागेत सगळे घुसले. उड्या मारू लागले. सगळ्यांत पुढे ताई.

बाजूला व्हा, एवढंच ओरडायचं होतं मला. पण मग खोटं उघडं पडलं असतं, आणि ती लाज मला त्याची हाडं तुडवली जाण्याहून मोठी वाटली. मी काठावरून नुसता बघत राहिलो. बुटांच्या गर्दीत ती पाच बोटं अजून चाचपडत होती. एक पाय, दुसरा पाय... ताईच्या पायाशी येऊन ती थबकली, आणि त्यांनी तिचा घोटा धरला.

ताईने खाली पाहिलं. मग वळून माझ्याकडे.