हिरव्या फडक्याचा डबा

"वांग्याची! लाव पैज! दोन चिंचोके!" चारूने डब्याला नाक लावून जाहीर केलं.

"हॅट्! सर्दी झालेल्या माणसाने पैजा लावू नयेत. ही बरबटीच्या शेंगांची आहे!" अनघा म्हणाली.

मारेगावच्या एसटी स्टँडवर पावणेअकराची गाडी नुकतीच लागली होती. गाडीतून उतरलेले डबे कंट्रोलरच्या खोलीतल्या फळीवर रांगेने बसले होते. तालुक्याला शिकायला राहिलेल्या मुलांसाठी खेड्यातल्या आया सकाळच्या गाडीने डबा पाठवत. मुलं येऊन आपापला डबा नेत आणि धुतलेला डबा चारच्या गाडीने घरी जाई. कंट्रोलर नीळकंठराव म्हणजे अनघा-चारूचे बाबा. दोघांच्या शाळेत बारावीच्या परीक्षेचं केंद्र होतं, म्हणून तेरा वर्षांच्या अनघाला आणि दहा वर्षांच्या चारूला फुकटची सुट्टी लागली होती. वासावरून भाजी ओळखणं हा त्या फाल्गुनातला त्यांचा लाडका खेळ होता.

चारूने हिरव्या फडक्यात बांधलेल्या डब्याकडे नाक वळवलं, तोच मागून आवाज आला.

"त्याले हात नको लावू! माह्या दादाचा डबा हाय तो!"

दारात अनघाएवढीच एक मुलगी उभी होती. ती सारखी कोपरं खाजवत होती.

"घरात कापूस भरला हाय," त्यांची नजर ओळखून ती म्हणाली. "औंदा भाव नाही, म्हणून तसाच पडला हाय. त्याच्यावरच झोपतो आम्ही. मंग खाज सुटते."

तिचं नाव सुरभी. तिचा दादा घनश्याम इथे खोली करून बारावीत शिकत होता आणि त्याची परीक्षा चालू होती.

"माय म्हणते, कोणाचा डबा रिकामा पाठवू नये. म्हणून दादा माह्यासाठी डब्यात रोज एक चिंचोका टाके," सुरभी म्हणाली. "वीस दिवस झाले, डबा येते, पण चिंचोका नाही! माय म्हणते, पेपरच्या नादात इसरला असन. माहा दादा इसरत नाही! होळीलेही नाही आला. आज मायले म्हटलं, दादाले रंग लावून येतो, अन् पहिल्या गाडीनं आली. त्याच्या खोलीले कुलूप हाय, अन् कुलपावर धूळ!"

अनघा तडक टेबलापाशी गेली. "बाबा, हिरव्या फडक्याचा डबा कोण नेतं?"

नीळकंठरावांनी मान वर केली नाही. "डबा येतो, डबा जातो. माझ्या फळीवरून आजवर एक डबा हरवलेला नाही!"

"डबा कुठे हरवलाय, बाबा? मुलगा हरवलाय!"

पण तेवढ्यात फोन वाजला, आणि मोठ्या माणसांचा फोन वाजला की पोरांचं बोलणं संपलंच म्हणायचं.

तिघं पाण्याच्या रांजणाआड दबा धरून बसली. साडेबारापर्यंत सगळे डबे गेले. हिरवं फडकं तेवढं उरलं. मग स्टँड झाडणारा म्हातारा उकंडा आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, डबा उचलला आणि निंबाच्या झाडामागे गेला.

"चोर! डबाचोर!" चारू ओरडत धावला.

उकंडाने डबा नुकता उघडला होता. आत पुरणपोळ्या होत्या. घनश्याम सणाला आला नाही म्हणून त्याच्या आईने, हंसाबाईंनी, राखून ठेवलेल्या!

"चोर नाही रे बाप्पा," उकंडा म्हणाला. "पोरानंच सांगतलं मले. म्हणे, 'काका, डबा भरलेला परत गेला तं माय रडन. तुमी खाऊन, घासून पाठवत जा.' वीस दिवस खाल्लं. पण सणाची पोळी कशी उतरन गळ्याखाली?"

"दादा कुठं हाय?" सुरभीने विचारलं.

"राजूरले. कोळशाचे ट्रक भरते."

"अन् पेपर?"

"कायचे पेपर, बाई? हॉलतिकीटच नाही आलं त्याचं. ऑफिसवाला म्हणे, तू फॉर्मच नाही भरला. 'मी भरला होता, काका,' म्हणून लेकरू रडलं इथं. मायले काय सांगू म्हणे, अन् गेला."

सुरभी मटकन खाली बसली. ती रडली नाही, आणि तेच अनघाला बघवेना. "ऊठ," तिने सुरभीचा हात धरला. "ऑफिस आमच्याच शाळेत आहे. चल!"

कारकून सदाशिवराव सुपारी कातरत होते. "फॉर्म आलाच नाही! पोरं भरत नाहीत आणि खापर आमच्या माथी! पळा, पेपर चालू आहे."

पळण्याच्या गडबडीत चारूच्या खिशातला चिंचोका टेबलाखाली घरंगळला. चारूही मागोमाग टेबलाखाली शिरला.

"सुरभी," आतून त्याचा आवाज आला, "तुझ्या दादाच्या हनुवटीवर तीळ आहे का गं?"

"हाय! काहून?"

"मग तो इथे आहे! टेबलाच्या पायाखाली!"

सदाशिवराव ताडकन उठले. "बाहेर हो! हात लावशील तर याद राख!"

ते आता कागद फाडणार, हे अनघाने ओळखलं. आणि पेपर चालू असताना शाळेत सगळ्यांत मोठा गुन्हा कोणता, हेही तिला ठाऊक होतं.

"साऽऽऽप!" ती जीव खाऊन किंचाळली.

प्राचार्य धावत आले. साप नव्हता. पायाखालून निघाली ती कागदाची जाड घडी. घनश्यामचा परीक्षेचा फॉर्म! सही, तारीख, फोटो, सगळं जिथल्या तिथे.

"गठ्ठ्यातून घसरला असेल," सदाशिवराव पुटपुटले. "टेबल डगमगत होतं, म्हणून हाताला लागला तो कागद..."

ते दुष्ट नव्हते हो, नुसते आळशी होते. एका मुलाचं अख्खं वर्ष पायाखाली दाबून त्यांचं टेबल मात्र ठाम उभं होतं!

सगळं कळल्यावर दोनच्या गाडीने नीळकंठराव स्वतः फॉर्म, डबा आणि तिघांना घेऊन राजूरला निघाले.

ट्रकवर चढलेली सगळीच माणसं काळी होती. सुरभीला दादा ओळखू येईना. पण घनश्यामने हिरवं फडकं ओळखलं आणि फावडं टाकून तो खाली उतरला.

"कायले आली तू इथं?"

"पोळी खा," सुरभी म्हणाली. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिनेच तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. तो चावत होता, आणि गालांवरच्या कोळशात पाण्याचे ओघळ उमटत होते. त्याने खिशात हात घालून मूठभर चिंचोके काढले.

"रोज एक उचलत होतो तुह्यासाठी. पाठवाले डबाच नव्हता."

आता सुरभी रडली. हमसून हमसून रडली.

नीळकंठरावांनी फॉर्म पुढे केला. फोटोवर टेबलाच्या पायाचा चौकोनी वळ उठला होता. घनश्यामने त्या वळावरून काळं बोट फिरवलं.

"म्हणजे मी भरला होता," तो म्हणाला. "आता तं मलेच वाटाले लागलं होतं, का मी भरलाच नसन."

संध्याकाळी सगळे परतले, तेव्हा स्टँडवर प्राचार्य आले. सदाशिवरावांवर कारवाई होणार होती. "शाबास, पोरांनो!" त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत!"

"मंग दादाचे पेपर परत घेतीन का?" सुरभीने विचारलं.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "आता नाही, बाळ. ऑक्टोबरमध्ये बसेल तो."

"ऑक्टोबरमध्ये तं कापूस वेचाचा असते," सुरभी म्हणाली.

शेवटची गाडी लागली. घनश्यामने नळावर डबा घासला, त्यात एक चिंचोका टाकला, वरून हिरवं फडकं बांधलं आणि डबा मांडीवर घेऊन तो गाडीत सुरभीशेजारी बसला. गाडी सुटली. उकंडा झाडू हातात धरून बघत राहिला.

नीळकंठराव आपल्या खोलीत गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी स्वतःच्या टेबलाच्या पायाखालची घडी ओढून काढली आणि दिव्याखाली नीट उलगडून वाचली.

"काय आहे, बाबा?" अनघाने विचारलं.

"जुनं वेळापत्रक," ते म्हणाले. पण ते त्यांनी पुन्हा पायाखाली ठेवलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं टेबल डगमगतं.