अठराच्या आत

माझ्या खोलीच्या पत्र्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी थाप मारली... तीही चेंडूनं.

मी जेवायला बसले होते. आण्णा गेले, आई दौंडला भावाकडं राहायला गेली, तेव्हापासून मी भाकरी एकच थापायची, नि तीही अर्धी उरायची. बाहेर आले तर एक उंच माणूस गोल्फची काठी घेऊन, चोरी पकडल्यासारखा उभा.

"सॉरी मॅडम... लागलं का कुठं?"

"पत्र्याला लागलं. त्याला इचारा."

तो हसला. गालाला खळी पडली, नि मी उगाचच ओढणी सारखी केली.

कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यातल्या परदेशी साहेबांनी आमच्या शेजारचा माळ गोल्फच्या सरावासाठी घेतला होता. चेंडूंच्या टोपल्या द्यायच्या, संध्याकाळी पांगलेले चेंडू वेचून आणायचे, ही माझी नोकरी. आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या मेंढरं वळली. मला चेंडू काय जड जाणार!

हा इंद्रजीत. दौंडचा, रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, कारखान्यात इंजिनिअर. कारखाना सुटला की यायचा नि शंभर चेंडू जीव खाऊन लांब मारायचा. बाराव्या दिवशी मला राहवलं नाही.

"साहेब, कुणावर राग हाय एवढा?"

"हँडिकॅपवर." तो घाम पुसत म्हणाला. "खेळ किती फटक्यांत संपवायचा ते ठरलेलं असतं. मला साधारण चोवीस जास्त लागतात. हा आकडा अठराच्या आत आला, तर मोठे साहेब मला चेन्नईच्या नव्या कारखान्यात नेणार. तिकडं कामाची बोलणी गोल्फ खेळतानाच होतात म्हणे."

"आन् न्हाई आला तर?"

"तर इथंच... तुमचा पत्रा वाजवत."

मी टोपली उचलली नि खाली ठेवली.

"आण्णांनी मला गोफण शिकवली, तवा एकच झुडूप दिलं. अगदी नाकाम्होरं. दहा दगडांत सात लागल्याबिगर पुढच्या झुडपाकडं बघायचं न्हाई. तुम्ही पहिल्या दिवसापासनं डोंगराला मारताय."

"मग गुरुबाई, माझं झुडूप कुठलं?"

"जवळचं. पार जवळचं."

माझ्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं लिहून दिलं. सोमवार, मंगळवार होलपासून, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्यापासून, दोन फुटांवरचे हलके फटके. दहात दहा पडले तरच चार फूट. बुधवारी तीस पावलांवरून. लांबचे फक्त शुक्रवारी, तेही वीसच. गुरुवारी कारखाना बंद, तो दौंडला त्याच्या आईकडं. त्या दिवशी माळावर वाऱ्याशिवाय कुणी नसायचं. मी धुतलेले चेंडू पुन्हा धुवायची.

"कंटाळा येतो हो," तो कुरकुरायचा. "दोन फूट, दोन फूट..."

"मेंढराला इचारा कंटाळा काय असतो ते. मारा गुमान."

"दक्षिणा काय घेणार?"

"चेंडू वेचू लागा."

मग तो वेचू लागायचा. हुरड्याचे दिवस होते, शेजारच्या रानातून भाजल्या कणसांचा वास यायचा. एका संध्याकाळी एकाच चेंडूवर आमचे दोघांचे हात पडले... कुणीच सोडेना. शेवटी मीच म्हणाले, "घ्या की, तुमचाच हाय." तो म्हणाला, "राहू दे ना जरा."

आकडा उतरायला लागला. बावीस. एकवीस. एकोणीस. खडूचा जुना आकडा पुसताना वाटायचं, दारात आलेला माणूस आपणच बोट बोट लांब ढकलतोय. एकदा मनात आलं, सांगावं याला, पुन्हा लांबचेच मारत जा. तोंडापर्यंत आलं... पण नाही सांगितलं. आण्णांनी शिकवलेलं वाकडं शिकवायचं कसं?

चैतात तो म्हणाला, "रविवारी रजा घेतलीय, पुण्याला शेवटचा खेळ. फटके मोजून कार्डावर सही करायला साक्षीदार लागतो. येशील?"

अहोजाहो कधी गळलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

मी एकेक फटका लिहीत त्याच्यामागं चालले. शेवटच्या होलपाशी चेंडू दोन फुटांवर थांबला. हा पडला की अठराच्या आत. इंद्रजीत वाकला. मग मान वर करून चेंडूकडं नाही, माझ्याकडं बघितलं... आणि मारला. चेंडू कडेनं निघून गेला.

"गेलं," तो म्हणाला. "हात थरथरला."

"खोटं. सोमवारी पन्नासात पन्नास घातलेत तू. मी उभी हुते."

त्यानं चेंडू उचलला. लांब कुठंतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"चेन्नईला..." तो अडखळला. "तिकडं माझ्यावर ओरडणारं कोण हाय?"

चार महिने हेच ऐकायला मी कान टवकारून बसले होते. आणि आता राग आला.

"हुकला म्हणून थांबलेला माणूस मला नको, इंद्रजीत. पाच वर्षांनी म्हणशील, तो एक चेंडू पडला असता तर... मग त्या चेंडूसंगं संसार करायचा का मी? थांबायचं तर साहेबाच्या तोंडावर सांगून थांब. आन् मला इचारून."

त्यानं टोपी काढली. केस घामानं चिकटलेले, कान लाल.

"उद्या सकाळी साहेबांना सांगतो. पडला असता, पण मला जायचं नाही." मग खालच्या आवाजात, "धनश्री... थांबू?"

चौतीस वर्षांत मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तर एवढंसं, पण सराव कुठला असणार!

"व्हय," मी म्हणाले. तोंडातल्या तोंडातच राहिलं.

"काय म्हणालीस?"

दुसऱ्यांदा मात्र नीट म्हणाले.